वीस इंची अलॉय आणि पुण्याचे रस्ते: रिम का वाकते, का चिरते आणि करायचं काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. बावधन ते खराडी रोजची ये-जा. जर्मन सेडान, पुढे २४५/३५ आर २०, मागे २७५/३० आर २० (आधी टायरची रुंदी मिमीत, मग साइडवॉलची म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटी रिमचा व्यास इंचांत), चारही टायर रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे. चौदा महिन्यांत तीन रिम गेल्या. पहिल्या दोन वाकल्या, त्या बाहेरच्या दुकानात सरळ करून घेतल्या. तिसरीला आतल्या बाजूने केसासारखी चीर आहे आणि रोज थोडी हवा उतरते. शोरूम म्हणतं, खड्ड्याचा मार आहे, वॉरंटीत बसत नाही. दुकानदार म्हणतो, आर्गन मारून (म्हणजे वेल्ड करून) देतो, काही होत नाही. मालकांना चार गोष्टी हव्या आहेत: रिमचा माल खराब आहे का, चिरलेली रिम वेल्ड करावी का, १८ इंची टाकावी का, आणि सरळ केलेल्या दोन रिम पुढे लावाव्यात की मागे.

पहिल्या तिघांची उत्तरं आधीच देऊन टाकतो: माल बहुधा ठीक आहे, वेल्ड करू नका, आणि हो, चाकं लहान करा. चौथ्याचं शेवटी.

सगळा घोळ रिमपेक्षा टायरच्या उंचीत आहे. तुमच्या वर्गातल्या सेडानला साधारण चार मापं बसतात: २२५/५५ आर १७, २४५/४५ आर १८, २४५/४० आर १९ आणि २४५/३५ आर २०. चारही चाकांचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, ६७८ ते ६८० मिमी. म्हणजे रिम मोठी झाली की तेवढंच रबर कमी होतं. साइडवॉलची उंची अनुक्रमे १२४, ११०, ९८ आणि ८६ मिमी. मागच्या २७५/३० ला तर जेमतेम ८३.

आता त्या ८६ मिमीतलं खरं कामाचं किती, ते पाहू. रिमची कडच सतराएक मिमी वर आलेली असते, तेवढी उंची टायरच्या हिशेबातून गेली. ट्रेड आणि त्याखालचे स्टीलचे पट्टे मिळून बाराएक मिमी जाडी. उभ्या गाडीच्या वजनाने टायर आधीच दोनेक सेंटिमीटर बसलेला असतो. उरली जेमतेम चार सेंटिमीटरची दबण्याची जागा. हाच हिशेब १७ इंचीला लावला तर सात सेंटिमीटर उरतात. पुण्यात रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला आणि चेंबरचं झाकण जुन्याच पातळीला राहिलं, की दोन-तीन इंचांची पायरी तयार होते. पाच ते साडेसात सेंटिमीटर. सतरा इंची टायर ती पायरी बहुतेक वेळा गिळतो. वीस इंचीत टायरची आतली भिंत रिमच्या कडेवर आपटते आणि पुढचा मार थेट धातूला बसतो.

त्यात रनफ्लॅट. हवा शून्य झाली तरी ताशी ८० च्या वेगाने ८० किमी चालता यावं म्हणून त्याची साइडवॉल जाड रबराने मजबूत केलेली असते. ती कडक भिंत दणका पचवत नाही, पुढे ढकलते. कमी उंचीचा रनफ्लॅट हा पुण्यातल्या रिमचा पहिला शत्रू, खड्ड्याचा नंबर त्याच्यानंतर.

माल खराब आहे का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. कंपनीतून येणाऱ्या बहुतेक अलॉय सात टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. ओतून झाल्यावर त्यांना टी-६ नावाची उष्णता-प्रक्रिया देतात: सुमारे ५४० अंशांवर काही तास तापवायचं, पाण्यात विझवायचं, मग १५० ते १८० अंशांवर पुन्हा काही तास ठेवायचं. धातूची सगळी ताकद याच प्रक्रियेतून येते. हे लक्षात ठेवा, कारण सरळ करणं आणि वेल्डिंग या दोन्हींचं गणित इथेच बिघडतं.

चाचणीतून पास झालेली रिम खड्ड्यात कशी वाकते, याचंही उत्तर सरळ आहे. अलॉयची जी प्रमाणित आघात-चाचणी आहे, आयएसओ ७१४१, तिच्यात टायर चढवलेलं चाक १३ अंशांत तिरपं बसवतात आणि २३० मिमी उंचीवरून बाहेरच्या कडेवर वजन टाकतात. वजन किती, तर चाकाच्या कमाल भाराच्या ०.६ पट अधिक १८० किलो. ८०० किलो भाराच्या चाकाला ६६० किलो. मार चांगलाच आहे, पण तो फुटपाथच्या कडेला चाक घासलं तर बसेल तसा, बाहेरच्या कडेला. शिवाय या चाचणीत मार बसलेल्या जागी कड वाकली तर चाक नापास होत नाही. मधला भाग फाटून आरपार गेला, किंवा मिनिटभरात सगळी हवा गेली, तर नापास. म्हणजे ‘वाकलं पण तुटलं नाही’ हे चाचणीच्या भाषेत चांगलं चाक आहे. ग्राहकाच्या भाषेत नाही, हे मान्य.

आणि खड्डा बाहेरच्या कडेला मारत नाही, आतल्या कडेला मारतो. आरे बाहेरच्या बाजूला असतात, कारण आत ब्रेकची डिस्क आणि कॅलिपर बसवायचे असतात. त्यामुळे बाहेरच्या कडेला आऱ्यांचा आधार मिळतो, आतली कड मात्र पिंपासारख्या पातळ नळीच्या टोकाला अधांतरी लटकलेली असते. चाक जितकं रुंद, तितकी ती नळी लांब. वर बहुतेक महागड्या गाड्यांत मागच्या चाकांचा वरचा भाग थोडा आत झुकवलेला असतो (कॅम्बर), म्हणजे भार आधीच आतल्या बाजूला. म्हणून बाहेरून चकाचक दिसणारी रिम आतून सपाट झालेली सापडते. गाडी धुणाऱ्याला ती दिसत नाही, मालकाला तर नाहीच.

स्वतः पाहायचं असेल तर चाक काढा, किंवा गाडी जॅकवर घेऊन चाकामागे टॉर्च मारा आणि आतल्या कडेवरून बोट फिरवा. मार बसलेल्या जागी तीन खुणा सापडतात: रंगाचा टवका उडून पांढरा पडलेला धातू, तिथेच टायरचा काळा घासा, आणि गोलाईत हाताला लागणारा दोन-तीन इंच लांबीचा सपाट भाग. त्या सपाट भागाच्या दोन्ही टोकांना नीट बघा. चीर सुरू होते ती तिथे, मधे नाही. दुसरी जागा म्हणजे नळीच्या आतल्या पृष्ठभागावर, बरोबर आऱ्याच्या मागे. आरा कडक, दोन आऱ्यांमधली नळी मऊ; जोडाच्या ठिकाणी धातू दर फेरीला थोडा वाकतो आणि हजारो किलोमीटरनंतर तडकतो. ही चीर एका दणक्याची नसते. दणका तिला जन्म देतो, थकवा तिला वाढवतो.

चालवताना लक्षण काय? पुढचं चाक असेल तर ८० ते ११० च्या पट्ट्यात स्टीअरिंग थरथरतं, मागचं असेल तर सीट आणि पाठ. बॅलन्सिंगवाला वेट लावून यंत्रावर शून्य दाखवतो, तरी एक्स्प्रेसवेवर थरथर तशीच. याचं कारण, बॅलन्सिंगने वजनाचा तोल सुधारतो, आकार सुधारत नाही. अंडाकृती चाकही शून्यावर आणता येतं. एका बाजूला ६०-७० ग्रॅमपेक्षा जास्त वेट मागितलं गेलं, की तिथेच थांबा आणि रिम तपासायला सांगा.

तपासणी म्हणजे डोळ्यांनी ‘थोडी आउट आहे’ म्हणणं नव्हे. टायर उतरवून रिम बॅलन्सिंग यंत्रावर मधल्या भोकात नीट केंद्रित करून बसवायची, डायल गेजची (बारीक फरक दाखवणाऱ्या तबकडीच्या मापकाची) टोकणी टायर जिथे बसतो त्या आतल्या आणि बाहेरच्या बैठकीवर टेकवायची, आणि एक पूर्ण फेरा सावकाश फिरवायचा. वरखाली आणि डावी-उजवी, दोन्ही आकडे लिहून घ्या. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत उत्तम. ०.८ पर्यंत चालवून घेता येतं. कमी उंचीच्या टायरवर एक मिमीच्या पुढे गेलं की जाणवणारच. रिम सरळ निघाली आणि थरथर कायम असेल, तर टायरचे आतले पट्टे सरकलेत का किंवा हबच्या तोंडावर गंजाचा थर आहे का ते पाहायचं. गंजाचा पातळ पापुद्राही चाक तिरपं बसवायला पुरतो. तारेच्या ब्रशने पाच मिनिटांत जातो, पण ती पाच मिनिटं सहसा कुणी देत नाही.

हवा उतरण्याचं वेगळं. चांगल्या टायरची महिन्याला एखाद-दोन पीएसआय जाते, ते नैसर्गिक. आठवड्याला दोन गेली तर शोध घ्या. लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे भांडी घासायचं लिक्विड, टायरमध्ये ४० पीएसआय, आणि ब्रशने आतली कड, आऱ्यांच्या मागची बाजू, व्हॉल्व्हचं बूड, दोन्ही बीडची (टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडेची) रेघ ओली करा. बारीक चिरेतून येणारा फेस लगेच दिसत नाही, पाच मिनिटं वाट पाहा. एका रेषेत बुडबुडे आले तर चीर. बीडच्या गोलाईवर पसरून आले तर बैठकीवरचा गंज, तो घासून काढून सीलर लावला की काम होतं. आणि माराची काहीच खूण नसताना एखाद्या ठिपक्यातून, पसरट जागेतून बारीक फेस येत असेल, तर ओतकामातली सच्छिद्रता. ही एकच गोष्ट वॉरंटीत भांडण्यासारखी आहे. त्या जागेचा फोटो आणि रिमच्या मागे ओतकामाच्या तारखेची जी गोल खूण असते तिचा फोटो, दोन्ही घेऊन लेखी तक्रार द्या. तुमच्या तिसऱ्या रिमला मात्र कडेला मार दिसतो आहे, तेव्हा तिथे शोरूमचं म्हणणं पटण्यासारखं आहे.

चीर आहे की नुसता ओरखडा, हे ठरवायला डाय पेनेट्रंट वापरा. औद्योगिक सामानाच्या दुकानात तीन डब्यांचा संच मिळतो. आधी त्या जागेचा रंग पूर्ण काढा, रंग असताना ही चाचणी फसवते. क्लीनरने पुसा, लाल रंग फवारून दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग कापडावर क्लीनर घेऊन पुसा. थेट रिमवर क्लीनर मारला तर चिरेतला रंगही धुऊन जातो. शेवटी पांढरा डेव्हलपर. पाच-दहा मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघ उमटली की वाद संपला.

आता वेल्डिंग. आर्गन मारणारा कारागीर कितीही चांगला असो, भट्टी त्याच्याकडे नसते. टिग वेल्डिंगने चिरेच्या दोन्ही बाजूंचा दोन-तीन सेंटिमीटरचा पट्टा तापून मऊ पडतो, टी-६ ची ताकद तिथून निघून जाते. ती परत आणायची तर अख्खी रिम पुन्हा ५४० अंशांवर तापवून पाण्यात विझवावी लागेल, आणि त्यात ती वेडीवाकडी होईल. म्हणून वेल्ड केलेली रिम बहुतेकदा वेल्डमध्ये तुटत नाही, वेल्डच्या शेजारी नवी चीर धरते. बाहेरच्या कडेचा फुटपाथला घासून उडालेला टवका भरायला वेल्डिंग चालतं, ते दिसण्यापुरतं आहे. आरा, हबचा भाग, बोल्टची भोकं, टायरची बैठक आणि आतली नळी, या पाच जागी नाही म्हणजे नाही. अडीच टनांच्या पुढे जाणाऱ्या इलेक्ट्रिक लिमोझिन आणि मोठ्या एसयूव्हींना तर विचारही करू नका. तुमची तिसरी रिम भंगारात द्या, आणि देण्यापूर्वी कड कापून टाका, नाहीतर ती पॉलिश होऊन दुसऱ्याच्या गाडीला लागेल.

सरळ करण्याबाबत मी इतका कडक नाही. आतली कड तीनेक मिलिमीटरपर्यंत वाकली असेल, चीर नसेल आणि तीच जागा आधी सरळ केलेली नसेल, तर करून घ्यायला हरकत नाही. फक्त कशी करतात ते उभं राहून बघा. हायड्रॉलिक जॅकने, लाकडी किंवा नायलॉनच्या ठोकळ्यावरून, हळूहळू दाब देत, मधे मधे डायल गेज लावत केलं तर ठीक. गॅसची बत्ती लावून लाल होईपर्यंत तापवतो असं कोणी म्हणालं तर गाडीची किल्ली मागून घ्या. अ‍ॅल्युमिनियम लाल होत नाही. लोखंडासारखा रंग न बदलता ते थेट वितळण्यापर्यंत जातं, आणि त्याआधी कितीतरी, दोनशे अंशांच्या वर, टी-६ चं काम बिघडायला लागलेलं असतं. काही दुकानांत इन्फ्रारेड थर्मामीटर दाखवतात. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो खोटं बोलतो, खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा देतो. काळ्या मॅट रंगाचा ठिपका देऊन त्यावर मोजायला सांगा किंवा तापमानाचा खडू वापरायला सांगा. काम झाल्यावर डाय पेनेट्रंट पुन्हा एकदा, तुमच्यासमोर. हे करायला जो नकार देतो त्याच्याकडे स्वस्तात काम करून घेण्यात अर्थ नाही.

डायमंड-कट रिम असेल तर आणखी एक भानगड. लेथवर घासून चमकवलेला भाग नुसत्या लॅकरच्या थराखाली असतो. दगडाचा टवका उडाला किंवा क्लिपचं वेट ठोकलं की तिथून पाणी शिरतं आणि लॅकरखाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा पसरतात. वॉशिंग सेंटरवर अ‍ॅसिडचा क्लीनर मारू देऊ नका, वेट नेहमी आतून चिकटवायचं घ्या. पुन्हा लेथ मारणं एक-दोनदाच जमतं, दरवेळी धातू कमी होतो. पावडर कोटिंगच्या भट्टीचं तापमानही विचारून घ्या. तिथे दोनशे अंशांवर वारंवार भाजलेली रिम सुंदर दिसते आणि मऊ होते.

मोठा निर्णय अर्थात माप बदलण्याचा. माझं मत स्पष्ट आहे: पुण्यात रोज चालणाऱ्या सेडानला २० इंची चाक हा हौसेचा भाग आहे, आणि ज्याला हौस परवडते त्याने ती करावी, पण टिकण्याची अपेक्षा ठेवू नये. चारही चाकांना २४५/४५ आर १८ घेतलं तर साइडवॉल ११० मिमी मिळते. पुढे चोवीस, मागे सत्तावीस मिमी जास्त. वरच्या चार सेंटिमीटरच्या हिशेबात ही केवढी भर आहे ते बघा. दुसरा फायदा असा की चारही चाकं सारखी झाली, आता मागची पुढे फिरवता येतील. सध्याच्या रुंद-अरुंद जोडीत ते शक्यच नाही.

घेण्याआधी मॅन्युअल किंवा दरवाजाच्या खांबावरचा स्टिकर पाहा. तुमच्या मॉडेलला १८ इंची दिलेलं असेल तर पुढचे बहुतेक प्रश्न सुटतात, विम्याचेही. मोठ्या इंजिनच्या आवृत्तीत ब्रेक मोठे असतात आणि १८ इंची कॅलिपरला घासू शकते, अशा वेळी १९ वर थांबा. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढच्या-मागच्या टायरचा घेर सारखा ठेवणं फार महत्त्वाचं, नाहीतर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) तापते. हवेच्या दाबाचे सेन्सर जुन्या रिममधून काढून नव्यात बसवा, आणि त्यांचे रबरी सील त्याच वेळी नवे टाका.

इथे एक सापळा आहे ज्यात भले भले अडकतात. मर्सिडीज, ऑडी आणि नव्या पिढीच्या बीएमडब्ल्यू, तिघांचीही बोल्टची मांडणी ५×११२. मधलं भोकही साधारण साडेसहासष्ट मिमीचं. मग जुन्या बाजारातली एकाची रिम दुसऱ्याला चपखल बसते असं वाटतं. बसते, पण बोल्टची बैठक वेगळी आहे. बीएमडब्ल्यूचा बोल्ट ६० अंशांच्या शंकूवर बसतो, मर्सिडीज आणि ऑडीचा गोलसर चेंडूसारख्या बैठकीवर, आणि त्या दोघांच्या गोलाईतही फरक: मर्सिडीजची १४ मिमी त्रिज्येची, ऑडीची १३. गोल खळग्यात शंकूचा बोल्ट घट्ट केला तर तो एका बारीक रेघेवर टेकतो. टॉर्क पाना क्लिक करतो, पण काही शे किलोमीटरनंतर अ‍ॅल्युमिनियम दबतं आणि बोल्ट ढिले होतात. बोल्ट नेहमी रिमच्या बैठकीप्रमाणे घ्यायचे. लांबीही मोजायची.

रेप्लिका घेणार असाल तर मागे कोरलेला कमाल भार वाचा. गाडीच्या प्लेटवर मागच्या अ‍ॅक्सलचा भार १,४०० किलो असेल तर प्रत्येक चाकाला किमान ७०० हवा, आणि वर थोडी शिल्लक. आकडाच कोरलेला नसेल तर ती रिम घेऊ नका, किती का सुंदर दिसेना. कोरलेल्या जेडब्ल्यूएल, व्हीआयए या खुणा जपानी प्रमाणाच्या आहेत, पण नुसतं अक्षर ओतणं कुणालाही जमतं, म्हणून भाराचा आकडा आणि बनवणाऱ्याचं बिल दोन्ही मागा. पैसे असतील तर फोर्ज्ड (ओतलेली नव्हे, दाबून घडवलेली) घ्या. ती हलकी असते, आणि मार बसला तर चिरण्याऐवजी वाकण्याकडे तिचा कल असतो. फ्लो-फॉर्म्ड हा मधला मार्ग: तिची नळी दाबून लांबवलेली असल्यामुळे साध्या ओतीव रिमपेक्षा चिवट, आणि आपल्याला नेमकी नळीच चिवट हवी आहे.

बोल्ट कसताना न्यूमॅटिक गनने शेवटचा घट्टपणा देऊ नये. बहुतेक जर्मन गाड्यांना १२० ते १५० न्यूटन मीटर लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. ताऱ्याच्या क्रमाने, दोन टप्प्यांत, आणि ५०-१०० किमीनंतर पुन्हा एकदा. हबच्या मधल्या उंचवट्यावर गंजरोधक पेस्टचा पातळ हात चालतो. बोल्टच्या आट्यांना किंवा बैठकीला ग्रीस लावू नका, टॉर्कचा आकडा निरर्थक होतो.

हवेचा दाब हा फुकटचा उपाय, म्हणूनच दुर्लक्षित. पाच पीएसआय कमी असेल तर वरचे चार सेंटिमीटर आणखी कमी झाले असं समजा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय उतरतो. मे महिन्यात भर दुपारी ३८ अंशांत भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे १०-१२ अंशांत पाचेक पीएसआय कमी दाखवते, टायरला काहीही झालेलं नसताना. सकाळी, गाडी किमान तीन तास उभी असताना, स्वतःच्या गेजने मोजा. स्टिकरवर दोन रकाने असतात, कमी भाराचा आणि पूर्ण भाराचा. पावसाळ्यात कमी भाराच्या आकड्यापेक्षा दोन पीएसआय जास्त ठेवा, त्याहून जास्त नको. फार फुगवलेला टायर रिम वाचवतो पण स्वतः फाटतो. रनफ्लॅटमध्ये हवा गेलेली डोळ्यांना दिसतही नाही, भिंत उभीच राहते.

रनफ्लॅट सोडून साधे टायर घ्यावेत का? शहरापुरतं विचाराल तर हो, दणका नक्की कमी बसतो. पण गाडीत स्टेपनीची जागा आहे का ते आधी पाहा. पंक्चर किटचा द्रव ट्रेडमधलं खिळ्याचं भोक बुजवतो, साइडवॉलचा काप नाही. खंबाटकी घाटात रात्री अकरा वाजता याचा अर्थ नीट कळतो. साइडवॉलला फुगा आला असेल तर आतले दोरे तुटलेत. त्याची दुरुस्ती नसते, कुणी दिली तरी घेऊ नका.

गाडी चालवण्याबद्दल एकच सांगतो. खड्डा अटळ दिसला की आधी ब्रेक मारा, पण कडेवर पोचण्याच्या क्षणी पाय सोडा. ब्रेक दाबलेला असताना नाक खाली जातं, पुढचे स्प्रिंग आधीच दबलेले असतात आणि सगळा मार चाकाला बसतो. काँक्रीट संपून डांबर सुरू होतं ते सांधे आणि चौकातले बसलेले पेव्हर ब्लॉक यांची कड खड्ड्याइतकीच धारदार असते.

विम्याच्या साध्या पॉलिसीत टायरचं नुकसान तेव्हाच मिळतं जेव्हा त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालेलं असतं, आणि तेही बदलण्याच्या खर्चाच्या निम्म्यापर्यंत. नुसत्या खड्ड्याने गेलेल्या टायर-रिमसाठी वेगळं अ‍ॅड-ऑन लागतं. नूतनीकरणाला तेच घ्या, आणि त्यात ‘रिम’ हा शब्द आहे की फक्त ‘टायर’, हे वाचून घ्या.

राहिला चौथा प्रश्न. पुढची रिम आणि मागची रिम रुंदीने वेगळ्या आहेत, त्यामुळे पुढे की मागे ही निवड तुमच्या हातात नाही. ज्या जिथल्या आहेत तिथेच त्या बसतील. १८ इंची येईपर्यंत त्यांच्यावर चालवायचं असेल तर टायर उतरवून दोन्हींची डाय पेनेट्रंट तपासणी करा. स्वच्छ निघाल्या तर सरळ केलेल्या जागी आतल्या बाजूने पांढऱ्या मॅट रंगाचा हातभर पट्टा मारून ठेवा. नवी चीर पडली तर पांढऱ्यावर ब्रेकच्या धुळीची काळी रेघ उमटते, आणि ती चाक न काढता नुसत्या टॉर्चने दिसते. दर पंधरा दिवसांनी बघायचं, आणि मोठा दणका बसला तर त्याच दिवशी.